मागच्या बाजूची मंडळी

१

माझा भाऊ लॉरेन्स हॅडनबीच्या चर्चचा पाद्री म्हणून नेमला गेला, तेव्हा ग्रिम्सबीतल्या ओळखीच्या लोकांनी त्याच्यापेक्षा माझंच अभिनंदन जास्त केलं. "हेस्टर, केवढी मोठी रेक्टरी मिळाली तुम्हाला राहायला!" असं म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ती झाडायची नव्हती.

लॉरेन्सला मी लॉरी म्हणते. लॉरीचं लग्न झालेलं नाही, माझंही नाही. महायुद्ध संपल्यावर मी शाळेतली नोकरी सोडली आणि त्याचं घर सांभाळायला लागले. लॉरी विद्वान आहे, मायाळू आहे, पण अनोळखी दार ठोठावायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. ग्रिम्सबीत दुय्यम पाद्री असताना तो एखाद्या घरावरून चार चकरा मारायचा आणि शेवटी 'घरी कोणी नव्हतं' असं मला येऊन सांगायचा. हॅडनबी लहान गाव, तिथे त्याला जमेल, असं मला वाटलं होतं. पण हॅडनबीचे लोक दार उघडायचे ते बोटभर, आणि त्या फटीतून वारासुद्धा आत घ्यायचे नाहीत. हा बिचारा हॅट हातात धरून पायरीवर उभा.

रेक्टरी, म्हणजे चर्चने पाद्र्याला दिलेलं घर, समोरून पाहिली तर रुबाबदार. लाल विटा, उंच खिडक्या, दाराला पांढरे खांब. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा श्रीमंत पाद्र्याला जमीनदारासारखं राहायची हौस होती, त्याने ती बांधली. पण त्याने मागचं जुनं घर पाडलं नाही. त्याच्या तोंडावर नवं घर मुखवट्यासारखं चिकटवून दिलं. पुढच्या दिवाणखान्यातून मागे जाताना दोन पायऱ्या उतरायच्या, की छत एकदम डोक्यावर येतं, भिंती फुगीर होतात आणि एकही कोपरा काटकोनात राहत नाही. पुढचं घर गरम होत नाही कारण ते फार मोठं आहे. मागचं होत नाही कारण ते ओलं आहे. मी पुढे शेकोटी पेटवली की धूर मागे निघायचा.

या दोन घरांना जोडणारा एक बोळ होता. एका टोकाला माझं स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला लॉरीची अभ्यासिका. बोळाची डावी भिंत दगडी होती. ती मागच्या घराहूनही जुनी, असं सगळे म्हणत. तिच्या पलीकडे काटेरी रान माजलेलं, आणि मग शेत.

रोज सकाळी नाश्त्याची भांडी झाली की मी बोळाची फरशी घासायचे. फरशी मधोमध झिजलेली होती, तिच्यात पाणी साचायचं. जुन्या घरात पायवाट पडतेच. मार्च महिन्यातल्या एका सकाळी मी कंबर सरळ करायला उभी राहिले आणि ओल्या फरशीवरून उजेड तिरपा आला, तेव्हा ती वाट मला पहिल्यांदा नीट दिसली.

ती अभ्यासिकेकडे जातच नव्हती. स्वयंपाकघरातून निघून बोळाच्या मध्यापर्यंत यायची, डावीकडे वळायची आणि भिंतीत शिरायची. भिंतीपाशी ती थांबतही नव्हती, उथळही होत नव्हती. बंद दाराखालून वाट पुढे जावी तशी ती दगडाखाली गेली होती.

२

बिशपच्या कचेरीतून घरांची पाहणी करायला मिस्टर पर्किस नावाचे गृहस्थ यायचे. गोल, गुलाबी, सदा खुशीत. छप्पर गळतंय म्हणून मी त्यांना तीनदा निरोप धाडले, तेव्हा ते आले आणि छप्पर कसं सुंदर आहे हे मला सांगू लागले.

"मिस पॅलिस्टर, असं लाकूड आता बघायला मिळत नाही हो!"

"मला दिसतंय रोज. माझ्या उशीवर पडतं ते."

ते खळखळून हसले. मी त्यांना बोळात नेलं आणि वाट दाखवली.

"अहो, साधी गोष्ट आहे. इथे पूर्वी दार होतं. बाहेर विहीर असेल, कोंबड्यांचं खुराडं असेल. पिढ्यान्‌पिढ्या बाया ये-जा करत राहिल्या, दगड झिजला. मग पुढचं घर बांधताना दार बुजवलं. या घरात पुरलेल्या गोष्टी कमी का आहेत!"

"म्हणजे ही फरशी तेव्हाची?"

"छे छे, फरशी आमची!" ते अभिमानाने म्हणाले. "जुन्या विटा पार कुजल्या होत्या. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो, स्वतः उभा राहून घालून घेतली. यॉर्कशायरचा दगड, मिस पॅलिस्टर. तुमच्या पणतूंच्या पणतूंनाही..."

ते थांबले. आम्ही दोघं खाली बघत राहिलो. वाटेच्या मधोमध एक अंडं ठेवलं असतं तर ते घरंगळलं नसतं, इतका खोलगट दगड होता.

"मऊ दगड आला असणार," पर्किस शेवटी म्हणाले. "पुरवठादार हल्ली फसवतात."

"आजूबाजूचा सगळा कडक आणि एवढाच पट्टा मऊ?"

"दगडाचं सांगता येत नाही हो," असं म्हणून त्यांनी हॅट उचलली. छपराचं राहूनच गेलं.

मला भीती वाटली नाही, हे सांगायला हवं. मला राग आला. या घरात कुठल्याच गोष्टीचं सरळ उत्तर मिळत नव्हतं. खिडकी उघडेना तर 'ओल आहे', दार लागेना तर 'घर बसतंय', आणि आता हे.

३

मी बोळात लिनोलियम, म्हणजे मेणकापडासारखं जाड आवरण, अंथरून घेतलं. हिरवं, चकचकीत. निदान पाणी तरी साचणार नाही. इस्टर झालं, झाडांना पालवी आली, आणि लिनोलियमचा रंग मधोमध उडायला लागला. मग त्याखालचं तागाचं कापड दिसू लागलं. वाट तीच. स्वयंपाकघराकडून मध्यापर्यंत, मग डावीकडे.

मी लॉरीला धरलं. "तू पाय घासत चालतोस."

"मी?" त्याने पुस्तकातून डोकं वर काढलं. "मी तर पुढच्या दालनातून येतो, हेस्टर. बोळात फार थंडी असते."

"मग कोण चालतं? उंदीर?"

"असतील," तो समजुतीने म्हणाला.

लॉरीच्या समजूतदारपणाने माझं डोकं जितकं फिरतं तितकं भांडणाने फिरत नाही. त्याच दुपारी मी चर्चचा राखणदार जोब आणि त्याच्या मेव्हण्याला बोलावलं आणि दिवाणखान्यातलं ओकचं अवजड बाकडं बोळात आणवलं. ते भिंतीला असं लावून घेतलं, की वाट जिथे भिंतीत शिरते ती जागा पूर्ण झाकली जावी.

"इथं बसणार कोण, बाई?" जोबने घाम पुसत विचारलं. "बर्फ होईल त्याचा."

"कुणी बसू नये म्हणूनच ठेवलंय."

त्यानंतर मी बाकड्याला वळसा घालून जायचे. लॉरी तर तिकडे फिरकत नव्हताच. उन्हाळ्याच्या तोंडाला मी मेण लावायला म्हणून त्या दोघांकडून बाकडं पुन्हा हलवून घेतलं.

बाकड्याखालचं लिनोलियम पार फाटलं होतं. बाकडं हललेलं नव्हतं. त्याच्या चारी पायांचे खळगे जिथल्या तिथे होते. बसायच्या फळीखाली मांजर जेमतेम मावलं असतं. आणि त्या जागेत, कडेकडेने नव्हे तर बरोबर मधोमध, पावलांनी झिजावं तसं लिनोलियम झिजून खालचा दगड उघडा पडला होता.

जोबने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरी गाय व्यायली असल्याचं त्याला अचानक आठवलं.

ओल, मेणातलं आम्ल, कसर. स्वतःशी मी एकेक कारण काढत गेले आणि एकेक टाकत गेले. ओल रेषेत चालत नाही, वळत तर नाहीच.

४

आमच्या आधीचे पाद्री, रेव्हरंड डॉन्ट्सी, इथेच वारले होते. त्यांची विधवा शेजारच्या गावात बहिणीकडे राहत असे. मी त्यांना चहाला बोलावलं. त्या आल्या, उंच, कोरड्या, हातमोजे न काढता बसल्या. हवा, गुलाब, लोण्याची टंचाई असं सगळं बोलणं झालं. बोळाचं नाव काढलं की त्या बिस्किटाची चौकशी करायच्या.

शेवटी माझा धीर सुटला. मी त्यांना हाताला धरूनच म्हणा, बोळात नेलं.

त्या फाटलेल्या लिनोलियमकडे बघत राहिल्या. "तुम्ही अजून नवीन अंथरताय?" त्यांनी विचारलं. "मी गालिचा घातला होता. आईने दिलेला, छान होता. मग मी घालणंच सोडून दिलं."

"का?"

"आपण वाट करून दिल्यासारखं होतं."

"कुणाला, मिसेस डॉन्ट्सी? स्पष्ट बोला ना, कृपा करून!"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांना माझी कीव आली होती, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"तुमचा भाऊ लाजाळू आहे का हो?"

"हो. पण त्याचा काय संबंध?"

"माझे यजमान, हर्बर्टही तसेच होते. गावाने त्यांना कधी जवळ केलं नाही." त्या दाराकडे वळल्या. "ते आजारी नव्हते. लोक म्हणतात होते, पण नव्हते. मी चहा ओतून हाक मारली, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. उभेच. डॉक्टर आले तोवर उभेच होते. आणि इतके खूश दिसत होते, मिस पॅलिस्टर. माझ्यासोबत ते तसे कधी दिसले नाहीत."

एवढं सांगून त्या निघून गेल्या.

५

त्या उन्हाळ्यात गावात माझी पंचाईत सुरू झाली. दुकानात गेले की कोणीतरी अडवायचं.

"काय मिस पॅलिस्टर, रेव्हरंड आमच्या गल्लीचा रस्ता विसरले वाटतं?" शेतावरच्या मिसेस ग्राइस टोमणा मारायच्या. "आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. देव येईल आधी, पण पाद्री नाही यायचा!"

"तुम्ही दार उघडलं तर येईल तो," मी म्हणायचे. पण त्यांचं खरं होतं. लॉरी कुणाकडेच जात नव्हता. रोज दुपारी अभ्यासिकेचं दार लावून बसायचा.

आणि त्याचे जोडे झिजत होते. मी ते गावातल्या एब्ज चांभाराकडे नेले. त्याने तळ पाहिले आणि शिट्टी वाजवली.

"रेव्हरंड लंडनला पायी जातात का बाई? हे तळ मीच तर बसवले होते ना, परवा-परवा?"

"तुमचं चामडं हलकं असेल."

"माझं चामडं?" त्याला खरोखरच लागलं. "पोस्टमन माझे जोडे घालून या सगळ्या दलदलीतून हिंडतो. विचारा त्याला, वर्षभर टिकतात की नाही!"

घरी येऊन मी जोडे लॉरीसमोर टेबलावर आपटले. तो टोस्टला मुरंबा लावत होता. नेहमीसारखा, अगदी कडेपर्यंत, मन लावून.

"तू दिवसभर खोलीत बसतोस. मग हे कसं?"

"बसतो कुठे? फिरायला लागतं मला. कालच दुपारभर भेटी देत होतो."

"कुणाला? मिसेस ग्राइसकडे तर तू गेला नाहीस."

"ग्राइसकडे नाही. मागच्या बाजूची मंडळी." त्याने टोस्टचा तुकडा मोडला. "बरीच आहेत गं तिकडे. फार दिवसांत त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं. आणि किती आपुलकीने घेतात आत! ठोठावावंसुद्धा लागत नाही."

"लॉरी, मागच्या बाजूला शेत आहे."

"शेत?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसल्यासारखं झालं आणि त्याने लाजून मान खाली घातली. "मी काय म्हणालो? हेस्टर, मुरंबा फार गोड झालाय का या वेळी?"

त्यानंतर मी खोदून खोदून विचारलं. ओरडले. एक बशीही फोडली. त्याला काहीच आठवत नव्हतं, किंवा तसं तो दाखवत होता. भिंतीशी भांडावं तसं झालं ते.

६

मी बिशपच्या हाताखालच्या आर्चडीकनकडे गेले आणि लॉरीची बदली मागितली. प्रकृतीचं कारण सांगितलं. ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे किती दिवस, ते या लोकांनाच ठाऊक. तोवर हातावर हात धरून बसणं मला शक्य नव्हतं. मी पर्किसना सांगितलं, की बुजवलेल्या दारातून ओल येते आहे, भिंत उघडून बघा, नाहीतर मीच कुदळ घेते.

ते एका गवंड्याला घेऊन आले. मी लॉरीला मुद्दाम गावात पाठवलं होतं. गवंडी गिलावा सोलायला लागला. आत चुना, चुन्याच्या आत आणखी जुना चुना, मग माती. शेवटी दगड उघडा झाला. मी दिवा जवळ धरला.

चौकट नव्हती. वरचा आडवा दगड नव्हता. कुठे सांधा नाही, भर घातलेली नाही. मोठमोठे दगड एकमेकांत अडकवत खालपासून वरपर्यंत अखंड भिंत गेली होती.

पर्किसची खुशी मावळली. "इथे दार नव्हतं," ते हळूच म्हणाले. "कधीच नव्हतं. हे दगड रचल्यापासून कुणी हलवलेले नाहीत."

"मग वाट कुठे जाते?"

"मिस पॅलिस्टर, मी फक्त घरं बघतो."

गवंडी भिंतीला हात लावून उभा होता. त्याने हात झटकन काढून घेतला आणि विजारीला पुसला. मी वाकून पाहिलं. छातीच्या उंचीवर तळहाताएवढी जागा काळी आणि गुळगुळीत झाली होती. चर्चच्या बाकांची टोकं शेकडो वर्षांच्या हातांनी होतात तशी. बाकी सगळा दगड खरबरीत. ही जागा पुढचं घर बांधलं त्याच्याही आधीपासून गिलाव्याखाली होती.

"पुन्हा लिंपून टाका," मी म्हटलं.

"ओल..." पर्किस म्हणाले.

"लिंपा म्हणते ना मी!"

ओला गिलावा चढला. ते दोघे चहाही न घेता गेले. संध्याकाळी लॉरी आला आणि बोळाच्या तोंडाशी उभा राहून नव्या गिलाव्याकडे बघत राहिला. रात्री जेवताना म्हणाला, "हेस्टर, तू लोकांना फार चटकन घाबरवतेस."

७

बदलीचा हुकूम एकदाचा आला. लॉरीने तो वाचला आणि म्हणाला, "तुला हवं तसं." मी लगेच पेट्या भरायला घेतल्या. त्याने विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमधली दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, शेतात कापणी चाललेली, यंत्राचा आवाज खिडकीतून येत होता. मी चादरींची चळत घेऊन बोळातून निघाले होते. मागून लॉरीची पावलं ऐकू आली. तो डावा पाय किंचित ओढतो, ओळखू येतात.

"बरं झालं आलास," मी मागे न वळता म्हणाले. "ही अर्धी चळत घे. सगळं मीच उचलायचं का या घरात?"

तो माझ्या बाजूने पुढे गेला. काही घेतलं नाही. बोळाच्या मध्यापर्यंत गेला, डावीकडे वळला आणि भिंतीसमोर उभा राहिला. त्याने हॅट काढली. गळपट्टी सरळ केली. जोडे फरशीवर पुसले, जसे आपण कुणाच्या पायरीवर पुसतो. आणि उजवा तळहात भिंतीवर टेकवला.

"लॉरी, पुरे झालं," मी म्हणाले.

भिंत होती तशीच होती. मी शपथेवर सांगते, मला नवा गिलावा दिसत होता, त्यावरच्या थापीच्या खुणाही दिसत होत्या. पण लॉरीचा चेहरा उजळला. मनातून उजळला असं नाही म्हणत मी. त्याच्यावर उजेड पडला. समोरून, भिंतीकडून. कुणी दार उघडावं आणि आतल्या दिव्याचा उजेड पायरीवरच्या माणसाच्या तोंडावर पडावा तसा, पिवळट आणि ऊबदार. त्याची सावली त्याच्या मागे बोळाच्या फरशीवर लांब पसरली.

आणि त्या उजेडातून माणसं ये-जा करत होती. मला माणसं दिसली नाहीत. त्याच्या तोंडावरून जाणाऱ्या त्यांच्या सावल्या दिसल्या. एक गेली, दुसरी गेली, मग दोघी मिळून थांबल्या. पुष्कळ होत्या. त्या त्याला बघायला दाटी करत होत्या.

"नमस्कार," लॉरी म्हणाला. इतक्या मोकळ्या आवाजात तो कधीच कुणाशी बोललेला मी ऐकला नव्हता. "हो, आलो. म्हटल्याप्रमाणे आलो." मग थोडं ऐकून घेतल्यासारखं करून हसला. "हो हो, माझी बहीणही आहे. दमते बिचारी. विचारतो ना."

त्याने मान वळवली आणि दुसरा हात माझ्याकडे पुढे केला. "हेस्टर, चल ना. तुला बोलावतायत. टेकशील जरा."

आता मनातलं खरं सांगते. क्षणभर मला जावंसं वाटलं. कुणीतरी मला बस म्हणत होतं, आणि तसं म्हणून कित्येक वर्षं झाली होती.

मग चादरी माझ्या हातून पडल्या. मी त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि ओढलं. तो जड नव्हता, पण त्याचा तळहात भिंतीपासून सुटेना. मी सगळं अंग मागे टाकलं. काहीतरी सुटलं आणि आम्ही दोघं फरशीवर कोसळलो. मी त्याला तसंच फरफटत स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात, उन्हात आणलं. त्याच्या तळहाताची कातडी निघाली होती.

माझ्या भावाने आयुष्यात कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या अंगणात तो ओरडला. "त्यांच्या तोंडावर! त्यांच्या तोंडावर दार लावलंस तू!"

८

आम्ही पेट्या तशाच टाकून जोबच्या गाडीतून स्टेशनवर गेलो. रेक्टरी पुढे बंदच राहिली असं ऐकते. मी चौकशी केली नाही.

आता ग्रिम्सबीत राहतो, नव्या वस्तीत, खाली दोन खोल्या आणि वर दोन. डॉक्टर म्हणतात मेंदू थकलाय, विश्रांतीने बरा होईल. लॉरीचा हात बरा झाला. तो पुस्तकं वाचतो, नीट जेवतो, माझ्याशी सौम्यपणे बोलतो. फक्त एक गोष्ट. त्याला दारातून आत जाता येत नाही. दार सताड उघडं असलं तरी तो उंबऱ्यापाशी येऊन थांबतो, गळपट्टी सरळ करतो आणि वाट बघतो. मी आतून "ये" म्हटलं की येतो. म्हटलं नाही तर तिथेच उभा. एकदा मी बाजारातून परतले तर तो दिवाणखान्याच्या दाराशी सकाळभर उभा होता, पाय सुजलेले.

दिवसातून किती वेळा, हे मोजायचं मी सोडून दिलं. जेवणाला ये. झोपायला ये. अंघोळीला ये. हातातलं काम टाकून प्रत्येक दाराशी धावायचं. मी संत नाही. "ये" हा एवढासा शब्द, तो मी किती परींनी फेकलाय त्याच्या अंगावर! दात-ओठ खाऊन, उसासा टाकून, कपबशी आपटून. तो दरवेळी "आभारी आहे, हेस्टर" म्हणतो. त्यानेच जास्त चीड येते.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. दिवाणखान्याच्या दाराशी त्याची पावलं थांबलेली ऐकली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक बटाटा पुरा करू दे, मग बघते, असं मनात म्हटलं. मग दुसराही घेतला. मुद्दामच घेतला.

बटाटा अर्धा सोलून झाला होता तेव्हा दिवाणखान्यातून बाईचा आवाज आला.

"या ना. या, आत या."

घरात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं. आवाज वयस्क होता, संथ, जराही घाई नसलेला. इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही इतक्या प्रेमाने बोलावलं नव्हतं.

लॉरी आत गेलेला ऐकू आला. खुर्ची सरकली. मग तोच आवाज, आता दाराकडे तोंड केल्यासारखा, म्हणाला, "ठेवा तो सुरा, बाई. किती दमता तुम्ही."

मी सुरा ठेवला.